कळल्यापासून निघेपर्यंत

जानेवारी २०२० मध्ये कृष्णाकाठच्या एका गावात मी पहिल्यांदा उतरले, तेव्हा महापूर ओसरून पाच महिने झाले होते. भिंतींवर पाण्याची रेघ अजून स्पष्ट दिसत होती. रेघेच्या खाली रंगाचे पोपडे, वर जुना पिवळा रंग. माझ्या पिशवीत चौसष्ट प्रश्नांची प्रश्नावली होती. सतरावा प्रश्न असा होता : 'आपत्तीला तोंड देण्यासाठी आपलं कुटुंब किती सज्ज आहे? १ ते ५ मध्ये सांगा.' पहिल्याच घरातल्या काकूंनी माझ्या तोंडाकडे बघितलं, जरा विचार केला आणि म्हणाल्या, "तीन लिवा." दुसऱ्या घरी तीन. तिसऱ्या घरी, "शेजारनीनं किती सांगितलं? मग आमचंबी तेवढंच." संध्याकाळपर्यंत अकरा कागद भरले आणि जवळजवळ सगळ्यांवर तीन.

रात्री मुक्काम होता त्या घरच्या मावशी भाकऱ्या थापत होत्या. मी काही विचारलं नव्हतं. त्या आपणहून बोलायला लागल्या. "दुपारी तीनला पोलीस पाटील सांगून गेलं. मालक म्हणालं, बघू. सहाला धारा काढल्या. डेअरी बंद, म्हणून दूध घरातच राहिलं. नऊला थोरल्या जावंचा फोन आला, ओढ्यावर पाणी आलंय म्हणून. तवा गहू माडीवर टाकला. बाराला लाईट गेली. मग म्हशींची दावी सोडली. पहाटं चारला निघालो, मांडीएवढ्या पाण्यातनं."

दुपारी तीन ते पहाटे चार. तेरा तास. माझ्या चौसष्ट प्रश्नांत या तेरा तासांबद्दल एकही प्रश्न नव्हता. मी लोकांना स्वतःला मार्क द्यायला सांगत होते. मावशींकडे आख्खा वृत्तांत होता, वेळेनिशी, माणसांनिशी.

आपत्ती व्यवस्थापन या विषयात नव्याने येणाऱ्या, विशेषतः त्यावर एम.ए.चा प्रबंध किंवा पीएच.डी. करू पाहणाऱ्या मुलामुलींसाठी हे लिहिते आहे. मला कोणी आधी सांगितलं असतं तर माझं एक वर्ष वाचलं असतं. गावाचं नाव देणार नाही. तिथल्या लोकांना तसा शब्द दिला आहे, आणि तुम्हालाही तो कुणाला तरी द्यावा लागेल.

आधी थोडं शब्दांविषयी, कारण पहिल्या सहा महिन्यांत इथेच गोंधळ होतो. धोका म्हणजे नैसर्गिक घटना : पाऊस, भूकंप, दरड. आपत्ती म्हणजे त्या घटनेने माणसांचं जे होतं ते. दोन्हींच्या मध्ये घरं, रस्ते, कमाई, जात, वय, माहिती असं सगळं उभं असतं. किल्लारीचं उदाहरण मी विद्यार्थ्यांना नेहमी देते. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या चार मिनिटं आधी. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, माणसं दमून घरात झोपलेली. घरं जाड दगडमातीच्या भिंतींची आणि वर मातीचं जड माळवद. जगातल्या मोठ्या भूकंपांच्या यादीत तो धक्का मध्यमच म्हणावा लागेल. पण ती घरं माणसांवर बसली आणि हजारो लोक गेले. लातूर-उस्मानाबादच्या त्या पट्ट्यात आदल्या वर्षीही धक्के जाणवले होते. ते जाणवल्यावर कुणी काय केलं, कुणाला काय सांगितलं गेलं, ते सांगणाऱ्यांनी सांगितलं तेव्हा कुणाला पटलं, हे खरे संशोधनाचे प्रश्न. धक्क्याची तीव्रता भूकंपमापक सांगतोच.

माणसांच्या वागण्याचा असा अभ्यास नवा नाही. १९१७ मध्ये कॅनडातल्या हॅलिफॅक्स बंदरात स्फोटकांनी भरलेलं जहाज फुटून शहराचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला, तेव्हा सॅम्युअल प्रिन्स या धर्मगुरूने त्यावर समाजशास्त्राचा प्रबंध लिहिला. पुढे १९६३ मध्ये अमेरिकेत ओहायोच्या विद्यापीठात या विषयाला वाहिलेलं पहिलं मोठं केंद्र सुरू झालं. तिथल्या एन्रिको क्वारन्टेली यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक आपत्तींचा अभ्यास करून एक गोष्ट पुन्हा पुन्हा दाखवली : संकटात माणसं सैरावैरा पळत सुटतात, हा बहुतेक वेळा गैरसमज असतो. घबराट अपवाद. माणसं शेजाऱ्याला विचारतात, फोन करतात, बाहेर जाऊन स्वतः बघून येतात, मग ठरवतात.

हे वाचलं तेव्हा मी मान डोलावली आणि पुढे गेले. खरं कळलं ते गावात. एकही माणूस 'आम्ही पळालो' असं सांगत नव्हता. उलट सगळे सांगत होते, 'आम्ही थांबलो'. मग माझा प्रश्न ठरला. माणसं का थांबली?

पहिलं उत्तर भिंतीवरच होतं. गावच्या मारुतीच्या देवळाच्या पायऱ्यांशेजारी २००५ च्या पुराची खूण रंगवलेली आहे. त्या वर्षी सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५३ फुटांच्या वर गेलं होतं. तिथे इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. जवळजवळ प्रत्येक जण मला त्या खुणेपाशी नेऊन सांगायचा, "पाच सालाला इथंवर आलतं. आमचं जोतं त्याच्या वर हाय. म्हणून बसलो." २०१९ ला पाणी ५७ फुटांच्याही वर गेलं. चौदा वर्षं जी खूण गावाला धीर देत होती, तिनेच त्या रात्री गावाला थांबवून ठेवलं. ज्या घरांत २००५ ला पाणी शिरलं होतं ती आधी निघाली. ज्यांच्या उंबऱ्याशी येऊन थांबलं होतं ती शेवटपर्यंत बसून राहिली आणि त्यांनाच बोटीने काढावं लागलं. हे मला कुठल्याही नकाशावर दिसलं नसतं. पूररेषेच्या नकाशावर निळी रेषा असते, साधारण पंचवीस वर्षांत एकदा येऊ शकणाऱ्या पुराची. लाल रेषा शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. गावाच्या मनात मात्र तिसरीच रेषा असते, मागच्या पुराची. तुमच्या अभ्यासाच्या गावात ती रेषा कुठे आहे ते सगळ्यात आधी शोधा.

दुसरं उत्तर गोठ्यात होतं. मी शहरात वाढलेली. माणसाचा जीव आधी, हे वाक्य मी सहज बोलायचे. एका अण्णांनी मला समोर बसवून हिशेब सांगितला. चार म्हशी, दोन गाभण. संघाच्या दुधाचा पगार दर दहा दिवसांनी. उसाचं बिल वर्षाने येतं, तोवर घर दुधावर चालतं. निवारा केंद्र म्हणजे तालुक्याच्या गावची शाळा. तिथे माणसांना सतरंजी मिळते, म्हशी कुठे बांधायच्या? वैरण कुठली? "मॅडम, तुमी म्हनता निघा. म्हशीला घिऊन कुठं निघू ते सांगा, आत्ता निघतो." घरातली बायकामुलं पाहुण्यांकडे जातात आणि एक पुरुष जनावरांपाशी राहतो, ही विभागणी मला घरोघरी भेटली. तो पुरुष मग सगळ्यात शेवटी, सगळ्यात वाईट पाण्यात निघतो. सरकारी कागदावर हे 'स्थलांतरास नकार' असं नोंदवलं जातं. मला त्या शब्दाचा आजही राग येतो. नकार नव्हता तो, गोठ्याची सोय नव्हती.

तिसरं उत्तर मोबाइलवर होतं. एका आज्जींच्या नातवाने मला व्हॉट्सॲपवर आलेला निरोप दाखवला. धरणातून अमुक हजार क्युसेक विसर्ग सुरू आहे, नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे. आज्जी बाजूलाच होत्या. म्हणाल्या, "सतर्क म्हंजे काय करायचं गं बाई?" मला उत्तर देता आलं नाही. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी, हे मी सांगू शकत होते. तेवढ्या क्युसेकला त्यांच्या परड्यात पाणी येणार का, हे मला सांगता येत नव्हतं आणि निरोप पाठवणाऱ्यालाही नाही.

पण गावाकडे स्वतःचं कोष्टक होतं, आणि हा माझ्या सगळ्या कामातला सर्वांत मौल्यवान शोध मी मानते. सांगलीच्या पट्ट्यात लोक क्युसेकमध्ये विचार करत नाहीत, आयर्विनच्या फुटांत करतात. कोल्हापूरकडे राजाराम बंधाऱ्याच्या फुटांत : तिथे ३९ इशारा, ४३ धोका. 'आयर्विनला इतकं झालं की आमचा ओढा मागं फिरतो', 'इतकं झालं की मळीतला ऊस बुडतो', 'इतकं झालं की हरिजन वस्तीत पाणी' असे सगळे टप्पे जुन्या माणसांच्या डोक्यात असतात. (तो वस्तीचा शब्द लोकांच्या तोंडचा आहे, सरकारनेही बदललेला. पण वस्ती ओढ्याच्या सखल बाजूलाच का, हा प्रश्न तुमच्या प्रबंधात आला नाही तर प्रबंध अपुरा आहे.) हे टप्पे कुठल्याही आराखड्यात मला सापडले नाहीत. ते मी वेगवेगळ्या माणसांकडून वेगवेगळे विचारले आणि ताडून पाहिले, तर एखाद्या फुटाच्या फरकाने जुळले.

आता हे सगळं काढायचं कसं, ते सांगते.

प्रश्नावली मी बाजूला ठेवली. एक मोठा कागद घ्यायचा, मध्ये उभी रेघ मारायची. डाव्या बाजूला पाणी : कुठल्या तासाला पुलावर किती फूट, धरणाचा विसर्ग, पाऊस. उजव्या बाजूला ते घर : कधी ऐकलं, कुणाकडून, ऐकून काय केलं, कुणाला विचारलं, कधी पटलं, काय उचललं, कधी निघालं, कुठे गेलं. डावी बाजू कार्यालयातून मिळते, उजवी ओसरीवर. दोन्ही शेजारी ठेवल्या की मधली पोकळी डोळ्यांना दिसते.

अडचण एकच. पाच-सहा महिन्यांनी माणसाला घड्याळाची वेळ आठवत नाही. 'रात्री कवातरी' असं उत्तर येतं. त्यासाठी काही खुंट्या लागतात. धारांची वेळ ही पक्की खुंटी : धारा काढायच्या आधी की नंतर? शेवटची एसटी गेली होती का? टीव्हीवर काय चाललं होतं? लाईट गेल्यानंतर की आधी? लाईट कधी गेली ते महावितरणच्या उपकेंद्राच्या नोंदवहीत असतं, नम्रपणे विचारलं तर बघायला मिळतं. आणि सगळ्यांत भरवशाची खुंटी म्हणजे फोन. पोरांनी त्या रात्री पाण्याचे फोटो, व्हिडिओ काढलेले असतात. प्रत्येक फोटोला वेळ असते. फोटोत एखादी पायरी, विजेचा खांब, दुकानाची पाटी दिसत असेल तर पाण्याची उंचीही मिळाली. परवानगी घेऊन असे फोटो मागा, आणि फोटोतल्या माणसांचे चेहरे तुमच्या कागदपत्रांत झाका. मार्च २०२० ला टाळेबंदी लागली आणि माझं गावातलं काम थांबलं, तेव्हा वर्षभर मी मुख्यतः या फोटोंवर आणि फोनवरच्या गप्पांवर काम केलं. त्याच काळात कागदांचाही ढीग उपसला.

कागद म्हणजे काय काय? प्रत्येक जिल्ह्याचा आपत्ती व्यवस्थापन आराखडा असतो. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने तो बंधनकारक आहे. जिल्हाधिकारी जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. आराखडा वाचताना नकाशे आणि यादी यांपेक्षा परिशिष्टातले फोन नंबर आधी लावून बघा. एका आराखड्यातले मी ओळीने लावले, तर बदली होऊन गेलेले, निवृत्त झालेले, एक तर माणूसच गेलेला. त्यांच्या मुलीने फोन उचलला. मी दिलगिरी व्यक्त करून ठेवला, आणि तो दिवस मला विसरता येत नाही. पूर्वतयारी म्हणजे बोटी आणि जाकिटं असं आपल्याला वाटतं, पण दर मे महिन्यात कुणीतरी बसून ते नंबर तपासणं हीसुद्धा पूर्वतयारी आहे, आणि ती मोजता येते. नवख्याने प्रबंधासाठी एवढा एकच विषय घेतला तरी मी त्याला उत्तम म्हणेन.

जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाची नोंदवही मिळाली तर सोनं. तिथल्या १०७७ या क्रमांकावर आलेले फोन, कुठून, किती वाजता, पुढे कुणाला कळवलं. ती बघू देत नाहीत असं नाही. पण पावसाळ्यात जाऊन मागू नका. जून ते सप्टेंबर ती माणसं झोपलेली नसतात. डिसेंबर-जानेवारीत जा, पत्र घेऊन जा, तुम्हाला काय हवंय ते एका पानात लिहून न्या. माहितीच्या अधिकाराचा अर्ज शेवटचा उपाय म्हणून ठेवा. मी सुरुवातीलाच केला आणि पुढच्या सगळ्या भेटी कडवट झाल्या. जलसंपदाच्या धरण-पातळ्या, हवामान खात्याचा पाऊस, केंद्रीय जल आयोगाची पूर-अनुमानं ही बरीचशी उघड उपलब्ध असतात. क्यूजीआयएस हे नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर शिका. फुकट आहे, आणि नकाशावर घर टाकता आलं की बोलणं बदलतं.

अलमट्टीबद्दल एक सूचना. कृष्णाकाठी कुठेही बसलात तरी दहाव्या मिनिटाला गप्पा अलमट्टीवर जातील. कर्नाटकातल्या त्या धरणाच्या फुगीमुळे आपल्याकडे पाणी तुंबतं, हे इथे बहुतेकांचं मत आहे. २०१९ नंतर राज्य सरकारने नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने पुराचं मूळ कारण अलमट्टी नाही असा निष्कर्ष काढला, आणि त्यावरही वाद थांबलेला नाही. तुम्ही जलशास्त्राचे विद्यार्थी असाल तर जरूर त्यात शिरा. नसाल, तर शांतपणे ऐकून घ्या. ते ऐकणंही महत्त्वाचं आहे, कारण 'पूर कुणी आणला' याच्या उत्तरावर 'निघायचं की नाही' याचं उत्तर पुष्कळदा ठरतं. पाणी धरणाने अडवलंय, ते सोडलं की उतरेल, असं ज्यांना वाटत होतं ते वाट बघत बसले.

दरडीवर काम करायचं असेल तर माझी रीत तशीच्या तशी चालणार नाही. माळीण ३० जुलै २०१४ ला सकाळी गेलं, आणि बाहेर कळलं ते एसटीच्या चालकाला गाव जागेवर दिसेना म्हणून. तळिये २२ जुलै २०२१ ला गेलं. इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री गेली, आणि ती दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती असं सरकारनेच सांगितलं. इथे कळल्यापासून निघेपर्यंतचे तास जवळजवळ नसतातच. म्हणून अभ्यास आधीच्या महिन्यांचा करावा लागतो : डोंगराला भेग कुणी पाहिली, झरा गढूळ झाला हे कुणाच्या लक्षात आलं, कुणाला सांगितलं, यादी कशी बनते आणि वाडी तिच्यातून कशी सुटते. चक्रीवादळात उलट, दिवस हाताशी असतात. ओडिशात १९९९ च्या महाचक्रीवादळात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. २०१३ च्या फायलिनला लाखो लोक आधीच हलवले आणि मृत्यू काही डझनांवर थांबले. मधल्या चौदा वर्षांत निवारे बांधले गेले, गावोगावी स्वयंसेवक तयार झाले, सराव झाले. आपल्याकडे ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगड जिल्ह्यावर आलं, तेव्हा श्रीवर्धन-दिवेआगरच्या लोकांनी जीव वाचवले, पण सुपारी-नारळाच्या बागा गेल्या. माडाला फळ धरायला किती वर्षं लागतात ते बागायतदाराला विचारा. पुनर्वसनाचा अभ्यास तेवढाच लांब चालतो, आणि तो करायला फार थोडे लोक येतात.

आता ज्या गोष्टी कुठल्याही अभ्यासक्रमात मला पुरेशा शिकवल्या गेल्या नाहीत, त्या.

तुम्ही वही घेऊन गेलात की तुम्ही पंचनाम्याची माणसं. कितीही सांगा, विद्यापीठातून आलोय म्हणून. लोक नुकसान वाढवून सांगतील, किंवा आधीच्या पंचनाम्यात लिहिलंय तेच सांगतील, आकडा चुकू नये म्हणून. मी पहिले चार दिवस वही काढतच नाही. माझ्याकडून पैसे, घर, यादीत नाव, यातलं काहीही मिळणार नाही हे पहिल्या वाक्यात सांगते आणि उठताना परत सांगते. संमतिपत्रावर सही मागितली की माणसं घाबरतात. पुरानंतर त्यांनी बऱ्याच कागदांवर अंगठे दिलेले असतात आणि हाती फार काही आलेलं नसतं. तोंडी संमती ध्वनिमुद्रित करण्याची परवानगी तुमच्या संस्थेच्या नैतिकता समितीकडून आधीच घेऊन ठेवा.

बायकांशी वेगळं बोला. पुरुषांसमोर त्या 'हे सांगतील' म्हणून गप्प बसतात. निवारा केंद्रात संडासाला जायची भीती, पाळीच्या दिवसांत काय केलं, तान्ह्या बाळाचं दूध, हे सगळं मला धुण्याच्या दगडावर कळलं, बैठकीत नाही. आशाताई आणि अंगणवाडीताईंशी आधी ओळख करून घ्या. कुठल्या घरात कोण अंथरुणाला खिळलेलं आहे, कोण गरोदर आहे, हे गावात त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. शेतमजुरांकडे जायला विसरू नका. पिकाचा पंचनामा सातबारावर होतो, आणि ज्याच्याकडे सातबारा नाही त्याची बुडालेली मजुरी कुठेच लिहिली जात नाही.

आणि जिथे माणसं गेली आहेत, तिथे घाई करू नका. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढताना बोट उलटली. त्या गावाबद्दल मला खूप विचारायचं होतं. मी गेले, चहा घेतला आणि काही न विचारता परत आले. माझ्या प्रबंधात ते गाव नाही. त्याबद्दल मार्गदर्शकांशी वाद झाला, तरी माझं मत आजही तेच आहे. अशा गावात कॅमेरा आणि वह्या घेऊन आधीच इतकी माणसं येऊन गेलेली असतात, की आपण आणखी एक व्हायचं कारण फार मोठं असायला हवं. स्वतःचीही काळजी घ्या. आठवड्यात तीन-चारपेक्षा जास्त लांब मुलाखती घेऊ नका. मला तिसऱ्या महिन्यात पावसाचा आवाज सहन होईना, तेव्हा समुपदेशकाकडे गेले. आधी जायला हवं होतं.

शिक्षणाचं आणि नोकरीचं थोडक्यात सांगते, कारण प्रत्येक जण विचारतो. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेत या विषयाचं पदव्युत्तर शिक्षण आहे, पुण्यात यशदामध्ये प्रशिक्षणं होतात, दिल्लीत राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन संस्था आहे. पण भूगोल, स्थापत्य, समाजकार्य, नर्सिंग, संख्याशास्त्र, यांतलं काहीही घेऊन येता येतं. खरं तर एखाद्या विषयात पाय रोवून मग इकडे यावं असं माझं मत आहे. जिल्हा पातळीवरची बरीच पदं कंत्राटी असतात, हे माहीत असू द्या आणि घरीही सांगून ठेवा. आपदा मित्र या सरकारी स्वयंसेवक योजनेचं प्रशिक्षण मिळालं तर घ्या. ज्याने एकदा दोरी धरून पाण्यात उभं राहून पाहिलंय, तो 'लोक निघाले का नाहीत' हे वेगळ्या आवाजात विचारतो.

२०२१ च्या फेब्रुवारीत मी परत गावात जाऊ शकले. वर्षभराचं काम एका मोठ्या कागदावर काढून ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये भिंतीला लावलं. इंग्रजी शब्द एकही नव्हता. वरून खाली आयर्विनचे फूट आणि समोर गावातले टप्पे. लोक उठून जवळ आले आणि माझ्या चुका काढायला लागले. "ओढ्याचा रस्ता ह्याच्या आधी बंद होतो." "ते जुन्या फरशीचं झालं, आता नवा पूल हाय." दोन तास वाद चालला. पोलीस पाटलांनी पेन घेऊन तीन ठिकाणी आकडे बदलले. मागे बसलेल्या एका मावशींनी विचारलं, म्हशी कुठे न्यायच्या ते ह्याच्यात कुठाय? मग तासभर फक्त त्यावर बोलणं झालं. माळावरचं एक बंद पडलेलं पोल्ट्रीचं शेड निघालं, मालक हॉलमध्येच बसला होता.

जुलैत परत पाणी आलं. २२-२३ तारखेला मी पुण्यात होते, चिपळूणच्या आणि तळियेच्या बातम्या बघत होते. सांगलीत पाणी ५५ फुटांच्या आसपास गेलं. रस्ता मोकळा झाल्यावर मी गावात पोहोचले. मोठा कागद हॉलमध्ये पाण्यात गेला होता. पण मे महिन्यात पोरांनी त्यातल्या तीनच ओळी दूध डेअरीच्या बाहेरच्या भिंतीवर ऑइलपेंटने लिहून काढल्या होत्या. माझ्या कामाचा उल्लेख नव्हता, विद्यापीठाचं नाव नव्हतं. चिखलाची रेघ त्याच्या बरीच वर होती, पण अक्षरं वाचता येत होती :

आयर्विन ३८ — ओढा बंद.
आयर्विन ४० — म्हशी माळाला.
आयर्विन ४३ — माणसं.

मावशी घर धूत होत्या. मी कागद काढायच्या आतच सांगायला लागल्या. "ह्या वक्ताला चाळीसलाच म्हशी हलिवल्या. मालक म्हणालं बघू, मी म्हणलं बघायचं न्हाई, भिंतीवर लिवलंय." मग झाडू थांबवून त्यांनी विचारलं, शेडमधली वैरण तिसऱ्या दिवशी संपली, त्याचं काय करायचं. मी वही उघडली आणि ते लिहून घेतलं.